बाबूची बदली की बाबूला समज?

माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत असत, "आमची सून हॉस्पिटलात आहे, विजेच्या कामावर." पहिली काही वर्षं मी त्यांची चूक सुधारायचा प्रयत्न केला. मग लक्षात आलं, की त्यांचं तसं फारसं चुकत नाहीये. मी एकतीस वर्षं कॅथलॅबची टेक्निशियन होते, आधी दिल्लीत आणि मग गुडगावात, आणि त्यातली वीसेक वर्षं फक्त हृदयातल्या विजेच्या कामावर. डॉक्टर जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात सारतात. त्या तारांनी ऐकलेलं माझ्यासमोरच्या पडद्यावर रेघांच्या रूपात उमटतं. त्या रेघा बघून आत काय चाललंय ते मी मोठ्याने सांगायचं. डॉक्टरांना ते बहुतेक वेळा माझ्याआधी कळलेलं असायचं. तरी मी सांगायची, आणि ते "हूं" म्हणायचे. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेले "हूं" मोजले तर एक बऱ्यापैकी जाडजूड ग्रंथ होईल.

उंची पाच फूट, त्यावर शिशाचा एप्रन. तो एप्रन उंच माणसांच्या मापाचा असल्यामुळे मी लॅबमधून चालत गेले की फक्त एप्रनच चालत गेल्यासारखं दिसायचं, असं आमची सिस्टर म्हणायची. पण एका बाबतीत माझा भाव वधारलेला होता. अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये मराठी बोलणारी मी एकटीच. महाराष्ट्रातून उपचारासाठी आलेली माणसं ओळखीपाळखीने कस्तुरबा गांधी मार्गावर नाहीतर कोपर्निकस मार्गावर राज्याच्या गेस्ट हाउसात उतरायची आणि तिथून फायली काखोटीला मारून आमच्याकडे यायची. मग रिसेप्शनवरून हाक यायची, "अरे, मराठीवाली मॅडम को बुलाओ."

मराठीवाल्या मॅडमचं मराठी कसं, तर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलेलं. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि भांडायला पंजाबी. साताऱ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी हृदयाची रचना समजावत होते. "ये जो ऊपर का... म्हणजे वरचा जो पार्ट असतो ना..." त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, आपल्याला अलिंद म्हणायचं आहे का?" मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारून सांगते." तेव्हापासून मी 'वरचा मजला' आणि 'खालचा मजला' असंच म्हणते. कोणाची तक्रार आली नाही.

दुसरे एक होते अकोल्याचे कंत्राटदार. त्यांच्या हृदयातला एक चुकार रस्ता आम्ही जाळला. टेबलावरून उतरल्या उतरल्या म्हणाले, "काढलं ते दाखवा." मी म्हटलं, काढत नाहीत, आत जाळतात. "मग जळालेलं दाखवा." ते आतच राहतं. "राख तरी असेल की." मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे, सिमेंट कमी घातलेल्या कामाकडे बघावं तसं बघितलं. पुढे दोन वर्षांनी ते ठणठणीत प्रकृतीनिशी भेटायला आले आणि जाता जाता म्हणाले, "पण दाखवलं काहीच नाही तुम्ही."

असे किस्से मी लग्नाकार्यात सांगते, लोक हसतात. एक गोष्ट मात्र मी कधीच कुठे सांगितलेली नाही, कारण तिच्यात हसण्यासारखी मीच आहे. ती गायकवाडांची.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सॉलोमन गायकवाड मूळचे नगरचे, केंद्र सरकारातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. सगळा संसार आर. के. पुरमला, आमच्या पुढच्याच सेक्टरात, आणि आता द्वारकेला तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेला फ्लॅट. पेशंट होत्या त्यांच्या पत्नी, रूथकाकू. वय सहासष्ट. दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळींची रविवारची उपासना होते, तिथे गाणी सांगायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. काकूंना एट्रियल फिब्रिलेशन होतं, आम्ही त्याला ए-फिब म्हणतो. त्यांना प्रत्येक जिन्याला थांबावं लागे. गाताना दोन ओळी झाल्या की आवाज बंद, पुढे नुसते ओठ हलवायचे. "लोकांना वाटतं मी गातेय," त्या मला म्हणाल्या, "पण देवाला कळत असणार."

आजार काय ते थोडक्यात सांगते. यातलं रूपक माझं नाही, गायकवाडकाकांचं आहे. आमच्या डॉ. मेहरांनी अर्धा तास चित्र काढून समजावल्यावर काका म्हणाले होते, "म्हणजे आमच्या मंत्रालयासारखंच की." हृदयाला दोन मजले. ठोक्याची ऑर्डर वरच्या मजल्यावर निघते आणि खालच्या मजल्याने तिची अंमलबजावणी करायची. मध्ये एकच खिडकी, तिथे डिस्पॅचचा बाबू. वरून आलेला कागद क्षणभर रोखून खाली सोडायचा, एवढंच त्याचं काम. ए-फिबमध्ये वरच्या मजल्यावर सावळागोंधळ माजतो. मिनिटाला सत्तर-ऐंशी कागद निघायचे तिथे तीनशे-चारशे निघतात. बाबू बिचारा प्रामाणिक, जमतील तेवढे खाली ढकलतो. एकशे चाळीस, दीडशे. खालचा मजला धावून धावून थकतो आणि असंच चालू राहिलं तर कायमचा अशक्त होतो.

खरा उपाय म्हणजे वरच्या मजल्यावर शिस्त आणणं. काकूंच्या बाबतीत तो दुसऱ्या हॉस्पिटलात दोनदा करून झाला होता आणि दोन्ही वेळा फसला होता. मग उरतो दुसरा उपाय. वर काय गोंधळ घालायचा तो घाला, आपण खिडकी सांभाळायची. त्यासाठी आधी गोळ्या देतात, बाबूला सुस्ती येण्यासाठी. काकूंना त्या गोळ्यांनी बाबूच्या आधी स्वतःलाच सुस्ती आली आणि ब्लडप्रेशर उतरलं. मग तारांचं काम आलं, आणि त्यात दोन पर्याय.

पहिला, बाबूची बदली. त्या खिडकीची जागा पूर्ण जाळून टाकायची, म्हणजे वरचा एकही कागद खाली येणार नाही. पण मग खालच्या मजल्याला ऑर्डर कोण देणार? म्हणून आधी छातीत पेसमेकर बसवायचा आणि मग जाळायचं. काम खात्रीचं, नाडी शिस्तीत. पण बाबू गेला तो गेला, परत येत नाही. पुढचं आयुष्य त्या मशीनच्या भरवशावर.

दुसरा, बाबूला नुसती समज द्यायची. खिडकीच्या आसपास खालून वर असं थोडं थोडं जाळत जायचं, म्हणजे तो दचकून हात आवरता घेईल. जमलं तर मशीनशिवाय काम होतं. नाही जमलं तर काही महिन्यांत बाबू पुन्हा पूर्वपदावर. आणि हात जरा वर सरकला तर समज द्यायला गेलो आणि बदलीच झाली, असंही होतं. हा पर्याय तेव्हाच मागे पडत चालला होता, हल्ली फारसं कोणी करत नाही.

पुढच्या भेटीला काका फाइल घेऊन आले. खरीखुरी फाइल, टॅग लावलेली, उजव्या कोपऱ्यात पानांचे आकडे, डावीकडे नोटिंग. त्यात टेंडरसाठी करतात तसा तुलनात्मक तक्ता. यशाची खात्री, परत फिरण्याची सोय, मशीन लागेल किंवा कसे, पुन्हा करावे लागण्याची शक्यता, सक्षम अधिकाऱ्याचे मत. खाली शेरा, पर्याय एक मान्यतेसाठी सादर.

डॉ. मेहरांनी तो दोनदा वाचला. "गायकवाड साहब, इस पर मुझे साइन करना है?"

"नहीं, नहीं," काका म्हणाले. "सिर्फ इनिशियल."

तक्ता चोख होता. आमच्या ज्युनिअर डॉक्टरांनाही इतका नेटका करता आला नसता. काकू शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही, काकांनी नाही, डॉक्टरांनी नाही आणि मीही नाही.

नंतर मी त्यांना ईसीजीसाठी आत नेलं. पडदा ओढल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांच्या तक्त्यात माझा कॉलमच नाही, बघितलंस?"

मी विचारलं, "काय लिहिलं असतं तुम्ही?"

"मशीन नको." पुढे म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना होतं मशीन. अकरा महिने अंथरुणावर होत्या. माणूस ओळखत नव्हत्या, गिळता येत नव्हतं. सगळं संपलेलं, पण ते आत चालूच. सगळे म्हणायचे, मशीन जाऊ देत नाहीये. पुसायला मी, भरवायला मी. तेव्हाच ठरवलं, आपल्या आत असलं काही बसवून घ्यायचं नाही. ह्यांना सांगून बघितलं, तर म्हणतात भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये." आणि मग त्यांनी विचारलं, "नीलिमा, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

इथे वाचकांनी माझी परिस्थिती समजून घ्यावी. त्या दिवसापर्यंत हॉस्पिटलात मला विचारले गेलेले प्रश्न असे होते: स्टॉक में है क्या, पेशंट ने कुछ खाया तो नहीं, आणि चाय पियोगी. "तू काय केलं असतंस" हा प्रश्न पहिल्यांदाच आला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, "मी तर मशीन नसतं घेतलं, काकू. आधी समज देऊन बघितली असती."

काकूंचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी माझा हात दाबला. मला इतकं बरं वाटलं की त्या भीतीबद्दल मला जे माहीत होतं, ते सांगायचं मी सोडून दिलं. पेसमेकर कुणाला असा अडवून धरत नाही, हे लॅबमधल्या सफाईवाल्यालाही ठाऊक असतं. मी ते सांगितलं असतं तर काकू कदाचित मशीनला हो म्हणाल्या असत्या. आणि मला ते नको होतं.

का नको होतं, ते आज लिहून टाकते. पहिल्या पर्यायात टेक्निशियनला काही कामच नसतं. डॉक्टर जाळत जातात, पेशंटचे स्वतःचे ठोके बंद होऊन मशीनचे सुरू झाले की संपलं. थांबा म्हणून कोणी सांगायची गरज नाही. समज देण्याच्या कामात मात्र सगळी गंमत थांबण्यात आहे. जाळण्याचा पेडल डॉक्टरांच्या पायाखाली असतो, पण त्यांची नजर तारेच्या टोकावर. ठोक्यांवर नजर माझी. मी वेग पुकारत राहायचं, आणि ठोक्यांत जरा लांबट अंतर पडलं की ओरडायचं, "ऑफ!" तो पाय त्या क्षणी वर आलाच पाहिजे. अख्ख्या कारकिर्दीत एवढ्या एकाच कामात डॉक्टरांचा पाय माझ्या आवाजावर उठायचा. असं काम वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचं, आणि आता तर ते बंदच पडणार होतं.

काकूंनी बाहेर येऊन काकांना माझं मत सांगितलं आणि डॉक्टरांना आपली इच्छा. डॉक्टर म्हणाले, "ठीक है, पेशंट यही चाहती हैं तो पहले ये कर लेते हैं. मशीन का रास्ता तो खुला ही है." काकांनी फाइलीत काहीतरी लिहिलं. मी त्या दिवशी डब्यात आणलेला शिरा सगळ्यांना वाटला.

काम झकास झालं. मी पुकारत होते, "एक सौ बयालीस... एक सौ तीस... एक सौ अठारह..." डॉक्टर एकेक पायरी वर सरकत होते. चौथ्या पायरीला पडद्यावर एक लांब मोकळी जागा दिसली, माझ्या तोंडून "ऑफ!" निघालं आणि पाय वर. अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला असता तर बदलीच होती. मग अर्धा तास वाट बघितली, हृदयाला पळवणारं औषध देऊन बघितलं, तरी बाबू नव्वदच्या पुढे जाईना. डॉक्टर मास्क काढताना म्हणाले, "वेल कॉल्ड, नीलिमा जी." चार दिवस मी मेट्रोतसुद्धा उभी राहून आले ती हसत हसत.

त्या महिन्यात काकूंनी मला उपासनेला बोलावलं. त्या उभ्या राहून अख्खं गाणं गायल्या, सगळी कडवी. नंतर चहाच्या वेळी त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "हिने सांगितलं म्हणून." आणि मी "छे छे, माझं कसलं" म्हणत दुसऱ्यांदा सामोसा घेत होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. माझी तर हळदच कोणा दुसऱ्याची होती.

चौथ्या महिन्यात काकांचा फोन आला. काकूंना जिना पुन्हा चढवत नव्हता, पाय सुजले होते, रात्री उशा रचून झोपावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना दाखल केलं. नाडी एकशे पंचावन्न. बाबू रुजू झाला होता, आणि आधीपेक्षा जास्त उत्साहाने. या वेळी खालचा मजलाही थकला होता. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्या मुलीने पडद्याकडे ज्या चेहऱ्याने बघितलं, त्यावरूनच मला कळलं. फुप्फुसात पाणी झालं होतं.

डॉ. मेहरा राउंडला आले तेव्हा काकांनी फाइल पुढे केली. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. डॉक्टर पानं उलटत होते, मध्येच थांबले आणि एकदा माझ्याकडे बघून पुन्हा पानाकडे वळले. मग त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. चौदावं पान. नोटिंग इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर असं: 'आज तपासणी कक्षात टेक्निशियन श्रीमती नीलिमा पाटणकर यांनी तोंडी सांगितले की, त्या स्वतः पर्याय दोन निवडतील. सदर मौखिक सल्ला विचारात घेता पर्याय दोनबाबत पुढील कार्यवाही.' खाली तारीख, वेळ, सही.

तोंडी आदेश झाला की त्याच दिवशी रेकॉर्डवर घ्यायचा, हे काकांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीतलं वळण. त्यात वाईट हेतू काही नव्हता. उलट ते मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "मला वाटलं, तुमचं नाव यायला हवं. श्रेय ज्याचं त्याला." हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर लेखी दाखवलं होतं, पृष्ठक्रमांकासकट.

डॉक्टर बाहेर आल्यावर म्हणाले, "नीलिमा जी, ओपीडी कब से शुरू की आपने?" मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. पण ते रागावलेले नव्हते, आणि ते जास्त कठीण होतं. "सलाह गलत नहीं थी," ते म्हणाले. "मैंने भी तो मान ली. पर वो मशीन से डर क्यों रही हैं, ये आपने पूछा था? मुझसे तो रह गया."

मी म्हटलं, "उन्होंने खुद बताया था, सर. मैंने जवाब नहीं दिया."

ते म्हणाले, "तो अब दे दीजिए."

मी काकूंकडे गेले तेव्हा काका खाली चहाला गेले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, उशाला टेकून बसलेल्या. चेहरा चार महिन्यांपूर्वीच्या मानाने दहा वर्षांनी म्हातारा झालेला. मी स्टुलावर बसले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "काकू, मी तुम्हाला त्या दिवशी जे सांगितलं ना, ते तुमच्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं." आणि पायाचं सगळं सांगितलं. पेडल, ऑफ, वेल कॉल्ड, शिरासुद्धा.

त्या ऐकत राहिल्या. मग हसायला गेल्या, पण खोकलाच आला. "म्हणजे माझ्या हार्टवर तुला डॉक्टरांचा पाय उचलून बघायचा होता."

"हो."

"बरं झालं बोललीस. मला वाटत होतं, माझंच हार्ट नालायक निघालं. एवढं सगळ्यांनी केलं आणि ह्याला टिकवता आलं नाही."

मला रडू आलं. मी त्यांच्यासमोर रडले, यात अभिमानासारखं काही नाही, पण झालं ते झालं. त्यांनीच मला पाण्याचा ग्लास दिला. पेशंटने टेक्निशियनला पाणी पाजणं हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

मग मी जे चार महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. "मशीन फक्त हाक मारतं, काकू. उठायचं की नाही ते हृदयाचा स्नायू ठरवतो. माणसाची वेळ झाली की स्नायू उठत नाही, मग मशीन किती का हाका मारेना. ते कुणाला धरून ठेवत नाही."

"मग सासूबाई?"

"त्यांना मी बघितलेलं नाही. पण तुम्ही त्यांना भरवत होतात, कूस बदलत होतात, पुसत होतात. अकरा महिने त्या तुमच्यामुळे जगल्या असतील. मशीनमुळे नाही."

काकूंनी नाकातली नळी सारखी केली. म्हणाल्या, "हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"आणि हेही सांगते," मी म्हटलं. "बाबू जाळला की परतीचा रस्ता नाही. मग मशीनवरच राहायचं, कायम. ते मी लपवणार नाही."

"तुझं काय मत?"

"मत नाही, काकू. या वेळी खरंच नाही."

"शहाणी झालीस," त्या म्हणाल्या. "मला विचार करू दे. आणि ह्यांना काही सांगू नकोस, लगेच पान लावतील."

दोन दिवसांनी राउंडच्या वेळी काकांनी टोपण काढलेलं पेन हातात धरलं होतं. काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टर साहब, मशीन लगा दीजिए, और वो जो जलाना है वो भी. ये मैं कह रही हूँ. गायकवाड साहब नहीं कह रहे, नीलिमा भी नहीं." काकांनी पेन हळूच खिशात ठेवलं. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवसाचं नोटिंग झालं नाही.

पाणी उतरल्यावर मशीन बसवलं आणि काही दिवसांनी जाळण्याचं काम झालं. मी पडद्यासमोर बसले होते. काही पुकारायचं नव्हतं. डॉक्टरांनी पाय ठेवला, वेडेवाकडे ठोके एकाएकी थांबले आणि त्यांच्या जागी मशीनचे ठोके सुरू झाले, एकसारखे, कवायतीला निघाल्यासारखे. डॉक्टरांनी आपल्या हिशोबाने पाय काढला. मी "हूं" म्हटलं. एवढाच माझा सहभाग.

बाबू नुकताच गेलेला असताना हृदय बावचळू नये म्हणून सुरुवातीला मशीन जरा वेगात ठेवतात, नव्वदवर. महिन्याभराने ते सत्तरवर आणायचं असतं. त्यासाठी काकू आल्या. पायांची सूज गेली होती, साडी नीट नेसलेली. काका बाहेर बसले, फाइल नव्हती. मी काकूंच्या छातीवर, आतल्या मशीनशी बोलणारी चकती ठेवली आणि वेग खाली आणला. मग एक तपासणी उरते. मशीनखाली पेशंटचं स्वतःचं काही उरलंय का, ते बघायचं. पडद्यावर बटण दाबून धरायचं, मशीनचा वेग हळूहळू खाली न्यायचा, तीसपर्यंत. बोट उचललं की मशीन क्षणात मूळ वेगावर. आम्ही सहसा पेशंटला न सांगता करतो. सांगितलं तर घाबरतात.

मी बटणावर बोट ठेवलं आणि थांबले. म्हटलं, "काकू, आता मी मशीन मुद्दाम संथ करणार आहे. तुमचं स्वतःचं काही आहे का ते बघायला. जरा गरगरल्यासारखं वाटेल. नको असेल तर नको करू या."

"पडदा इकडे वळव," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय."

मी पडदा वळवला आणि बटण दाबलं. साठ. पन्नास. चाळीस. काकूंनी कॉटची कड धरली. तीस. आता एक ठोका पडला की पुढचा दोन सेकंदांनी येत होता. ओरडायची सवय घशात होती, तरी मी ओरडले नाही.

"हे उंच उंच आहेत ते मशीनचे?"

"हो."

"आणि मधे जे आहे ते माझं?"

"हो, काकू."

आणखी एक ठोका पडला, मग पुन्हा तेवढीच लांब सपाट रेघ. काकू तिच्याकडे बघत होत्या, एखादी ओळखीची व्यक्ती येतेय का ते बघावं तशा. त्यांचा स्वतःचा एकही ठोका आला नाही. त्यांचे ओठ पांढुरके पडायला लागले होते, पण त्यांचं बघून होईस्तोवर बोट उचलायचा अधिकार मला नाही असं मला वाटत होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "बघितलं. आता उचल बोट."